त्या फोटोतल्या रुमालाबद्दल

योकोहामा,
सप्टेंबरअखेर

तीर्थस्वरूप आत्यास शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

तू घरच्या ग्रुपमधून बाहेर पडलीस त्याला आज अकरा दिवस झाले. फोन लावला की रिंग शेवटपर्यंत वाजते, म्हणजे फोन तुझ्या हातातच असतो आणि तू माझ्या नावाकडे बघत बसलेली असतेस. साताऱ्याला बाबांना विचारलं, तर म्हणाले, "तिनं नुसतं 'बरं' म्हटलंय. जपून राहा." तुझं 'बरं' काय असतं ते मला चड्डीत होतो तेव्हापासून ठाऊक आहे. म्हणून हे पत्र. पत्र कट करता येत नाही. फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं.

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. फोटोत अण्णांच्या डाव्या हातात आहे ती बिअरच आहे. बायको म्हणत होती, सफरचंदाचा रस होता असं लिहा. पण जिनं कराड तालुक्यातल्या आपल्या गावात बाटली आडवी केली, तिला फेसाळलेला सफरचंदाचा रस पाजायला मी काही खुळा नाही. शिवाय तुझा खरा राग त्या डाव्या हातावर नाहीच, उजव्या हातावर आहे. चौकड्याच्या रुमालाखाली आमच्या सासऱ्यांचा हात, त्याच रुमालाखाली एका पोनीटेलवाल्या जपानी पोराचा हात, दोघांचे चेहरे लालबुंद, आणि खाली आमच्या सौभाग्यवतींनी लिहिलेलं 'अण्णा फुल फॉर्मात'. त्या रुमालाखाली काय चाललं होतं ते मी सांगणार आहे, पण क्रमानं. साक्ष द्यायची तर पहिल्यापासून द्यावी, हे तुझंच वाक्य आहे.

पहिल्यापासून म्हणजे असं, की तिकिटं मी काढली नाहीत. कुणी काढली त्यांचं नाव घेत नाही, पण त्या सांगलीच्या आहेत.

अण्णा जुलैत आले. पहिले पंधरा दिवस इमारती बघण्यात गेले, मग ते कंटाळले. पन्नास वर्षं सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत केलेला माणूस, आत्या. सकाळी उठल्यापासून चाळीस जणांशी बोलल्याशिवाय ज्याचा चहा पचत नाही, त्याला आम्ही नवव्या मजल्यावर खिडकीशी बसवलेलं. खाली दर चार मिनिटांनी लोकल. ते मोजायचे. टोफू वाढला तर म्हणाले, "माल चांगलाय. चव कुठं ठेवलीय?" दुकानात नेलं तर बोटाएवढ्या बाटलीतली हळद हुंगून त्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, की जणू मीच ती भरली होती. एकदा संध्याकाळी मला विचारलं, "जावईबापू, हितं कुणी भांडत न्हाई का ओ?" मी म्हटलं, नाही. त्या रात्री ते जेवले नाहीत नीट.

इकडं सप्टेंबरच्या तिसऱ्या सोमवारी म्हाताऱ्या माणसांचा आदर करायची सरकारी सुट्टी असते. गंमत नाही, खरंच असते. अण्णांच्या लेकीनं ठरवलं की त्यांना शाल नको, चप्पल नको, गर्दी दाखवायची. आणि शनिवार-रविवार-सोमवार जोडून आलेल्या त्या सुट्टीत योकोहामात भरलेली सगळ्यात मोठी गर्दी तिला सापडली ती 'ग्रेट जपान बिअर फेस्टिव्हल'ची. घरचा गणपती दीड दिवसाचा, तो केव्हाच बादलीत विसर्जन होऊन गेला होता. तेवढं एक मनाला लावून घेऊ नकोस.

जागा म्हणजे ओसानबाशी नावाचा धक्का. समुद्रात लांबच लांब घुसलेला, बोटी लागतात तिथं. २००२ साली तो नव्यानं बांधला, वर सगळं लाकडी छप्पर, पण छप्पर म्हणावं तर त्यावर माणसं फिरतात. पायऱ्या नाहीत, नुसते चढउतार, माळासारखे. त्याच्या पोटात मोठा हॉल आणि हॉलमध्ये जत्रा. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेत रथ निघतो तेव्हा जेवढी माणसं अंगाला अंग लावून उभी असतात, साधारण तशी. फरक एवढाच, की इथं सगळे रांगेत होते आणि आपली रांग कुठली ते प्रत्येकाला माहीत होतं. अण्णा दारातच म्हणाले, "हां! आता कसं!"

दारात वय बघतात. वीस पूर्ण पाहिजे. अण्णा चौऱ्याहत्तरचे, डोक्यावर गांधी टोपी, त्यांना कोण विचारतंय! पण अण्णांनी कोपरीच्या आतल्या खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेला कागद काढला. तुला कल्पना आहे का तो काय होता? दारूचा परवाना. महाराष्ट्र सरकारचा, मुंबई दारूबंदी कायदा १९४९ खाली दिलेला, आजन्म. सांगलीहून निघताना पासपोर्टबरोबर बांधून आणलेला. त्या कायद्यानं आपल्याकडं प्यायला परवाना लागतो हे अर्ध्या पिणाऱ्यांना माहीत नसतं. दुकानात एक दिवसाचा पाच रुपयांना फाडतात, देशीचा दोन रुपयांना, तोही कुणी मागत नाही. पण अण्णांचा स्वतःचा आहे, आणि त्यावर सरकारनं स्वच्छ लिहिलंय की सदर इसमास हा परवाना प्रकृती राखण्यासाठी दिला आहे. दारातल्या मुलीनं तो दोन्ही हातांनी घेतला. इथं कुणाचं व्हिजिटिंग कार्डसुद्धा असंच घेतात. एक अक्षर वाचता येत नसताना वरपासून खालपर्यंत अदबीनं बघितला आणि कमरेत वाकून परत दिला. अण्णा मला म्हणाले, "बघितलं? सांगलीत आजवर एकानं तरी असा बघितला का?"

मग प्रत्येकाला एकेक पेला मिळाला. पन्नास मिलीचा. खोकल्याच्या औषधाची पाच टोपणं. आत जायचे पैसे एकदाच द्यायचे, मग हा टीचभर पेला घेऊन हव्या त्या स्टॉलपुढं उभं राहायचं. चव घ्यायची, जगमधल्या पाण्यानं पेला विसळायचा, पुढं जायचं. आत्या, ही पिण्याची जागा नव्हती, चाखण्याची होती. हा माझा बचाव नाही. बचाव पुढं आहे.

पहिल्याच स्टॉलवर अण्णांनी जे केलं ते बघून मी गप्प झालो. पेला हातात घेतला, पण प्याले नाहीत. उजेडाकडं धरून रंग बघितला. नाकाखाली नेला, डोळे मिटले. एक घोट जिभेवर घेऊन गालात फिरवला, वर छताकडं बघितलं, गिळला आणि उरलेली बिअर तिथल्या बादलीत ओतून टाकली. गुळाची ढेप फोडून कणी बघतात, जिभेवर खारटपणा शोधतात, अगदी तसं. हरिपूरच्या पेवातून काढलेल्या हळदीला नाक लावून कुठल्या पेवात ओल शिरलीय ते सांगणारा माणूस तो, त्याला पिण्यात रस नव्हता. त्यांना माल पारखायचा होता. मग खिशातून डायरी काढून त्यांनी स्टॉलवाल्याला मराठीत विचारलं, "माल कुठला?"

हा एक प्रश्न त्यांनी त्या दिवशी प्रत्येक स्टॉलवर विचारला. भाषांतर आमच्या सौभाग्यवतींचं. माझं जपानी स्टेशनांच्या नावांपुरतं. आणि प्रत्येक स्टॉलवर तीच गंमत व्हायची. बिअर कडू आहे का, किती टक्के आहे, कुठलं बक्षीस मिळालंय, हे विचारलं की ते लोक पाठ केलेलं सांगायचे. 'माल कुठला?' म्हटलं की तोंड उजळायचं. नकाशा बाहेर यायचा. आमचं गाव इथं, ही नदी, हा डोंगर, पाणी ह्या बाजूनं येतं. कुणी मोबाइलवर आईवडिलांचं शेत दाखवलं.

त्याला कारण आहे. १९९४ पर्यंत जपानात वर्षाला २० लाख लिटर काढायची ऐपत असेल त्यालाच बिअरचा परवाना मिळायचा, म्हणजे चारपाच मोठ्या कंपन्यांनाच. त्या वर्षी सरकारनं कायदा बदलून ती अट ६० हजार लिटरवर आणली. झालं! ज्याच्या गावात झरा होता त्यानं भट्टी घातली. त्या गावठी बिअरला ते 'जी-बीरु' म्हणतात, 'जी' म्हणजे जमीन, जागा. पाचसहा वर्षांत अशा भट्ट्या तीनशेच्या घरात गेल्या. त्यातल्या बऱ्याच जणांनी प्रवाशांच्या माथी काहीही मारलं, ते बुडाले. उरले ते चांगलं काढणारे. आपल्याकडच्या ढाब्यांचं जे झालं तेच.

योकोहामाला तर ह्या सगळ्याची गंगोत्रीच आहे. विल्यम कोपलँड नावाच्या नॉर्वेत जन्मलेल्या अमेरिकनानं १८७० च्या सुमाराला ह्याच गावातल्या टेकडीवर, झऱ्याच्या पाण्यावर भट्टी काढली, आणि तिच्याच जागेवरून पुढं किरीन कंपनी उभी राहिली. अण्णांनी हे सगळं ऐकून डायरीत एवढंच लिहिलं, 'पाणी चांगले.'

सगळ्या स्टॉलांचं सांगत बसत नाही, पण इसेचा सांगायलाच हवा. इसे म्हणजे इथलं पंढरपूर समज. तिथल्या मोठ्या देवळाच्या वाटेवर यात्रेकरूंना चहा आणि मोची विकणारं एक दुकान आहे, १५७५ सालचं. मोची म्हणजे तांदळाची चिकट मोदकाची उकड, सारण आत धरून. त्या घराण्याच्या एकविसाव्या पिढीनं १९९७ मध्ये बिअर काढली आणि ती जगभरातून बक्षिसं आणते. अण्णांनी हिशेब केला, "१५७५ म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माआधी पंचावन्न वर्षं." मग थोडं थांबून, "म्हणजे पंढरपुरात पिढीजात पेढे-बत्तासे विकणाऱ्यानं..." आणि त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. मी तुझा चेहरा डोळ्यांसमोर आणला आणि मीही केलं नाही.

त्याच्या पलीकडं इबाराकीतले किउची. ते १८२३ पासून साके काढतात, साताऱ्यात प्रतापसिंह महाराज गादीवर होते तेव्हापासून. बिअर १९९६ पासून. मग कावागोएचे कोएदो, हे रताळ्याची बिअर करतात. रताळ्याची! उपासाला चालेल का, असं मी हळूच विचारलं, तर बायकोनं माझ्या पायावर पाय दिला. आपल्या इथं आषाढीला उकडतात तसल्याच लाल सालीच्या रताळ्याची. पण कायद्यानं तिला पूर्वीपासून 'बिअर' म्हणता यायचं नाही, कारण बिअरमध्ये काय घालायचं ह्याची सरकारी यादी होती आणि यादीत रताळं नव्हतं. तिला 'हाप्पोशु' म्हणायचं, म्हणजे फेसाळणारं मद्य. २०१८ ला ती यादी सैल झाली, फळं आणि मसाले थोड्या प्रमाणात चालायला लागले. अण्णांना हे फार पटलं. हळदीत काय चालतं आणि काय भेसळ ह्यावर आयुष्य घालवलेला माणूस. "नाव वेगळं लावायचं, माल तोच. व्यापार सगळीकडं सारखाच," म्हणाले.

इवातेवाल्यांचा एक मसाला घातलेला पेला होता, सान्शोचा. अण्णांनी जिभेवर घेतला आणि ओरडलेच, "तिरफळ!" शेजारचे चार जपानी दचकले. खरोखरच तिरफळाची सख्खी चुलत बहीण आहे ती, एकाच जातकुळीची, जीभ तशीच मुंग्या आल्यासारखी होते. अण्णांनी स्टॉलवाल्याला कोकणातली बांगड्याची आमटी हातवारे करून सांगितली. त्यानं प्रत्युत्तरादाखल कालवं घालून केलेली काळी बिअर दिली. कालवं म्हणजे समुद्रातले शिंपले, आत्या. माळकरी असतीस तर हे लिहिलं नसतं. अण्णांनी तिचा मान मात्र न चाखता बादलीला दिला.

होक्काइदोतल्या आबाशिरीची बिअर निळी असते. निळी म्हणजे निळीच. समुद्रावरून वाहत येणाऱ्या बर्फाचं पाणी घालतात आणि आपल्या अनंताच्या जातीतल्या झाडाचा रंग. अण्णा म्हणाले, "धोतराला घालू का?"

पण दिवसातली खरी खळबळ शेपूनं केली. १९८४ साली साप्पोरो कंपनीनं होक्काइदोत एक हॉप तयार केला, सोराची एस नावाचा. हॉप म्हणजे बिअरला कडवटपणा आणणारा वेल, त्याची बोंडं घालतात. ह्या सोराचीचा वास लिंबाचा आणि, पुस्तकात लिहितात त्याप्रमाणे, शेपूचा. जपान्यांनी तो फारसा वापरला नाही, मग अमेरिकेत गेला, तिथल्या लोकांनी डोक्यावर घेतला, तेव्हा घरच्यांना किंमत कळली. हे सगळं मला नंतर कळलं. त्या वेळी एवढंच झालं, की मी पेला तोंडाला लावला आणि थेट तुझ्या स्वयंपाकघरात बसलो. मुगाची डाळ घातलेली शेपूची भाजी, तू ताटात वाढलेली, मी पाटाखाली ढकललेली, आणि तू 'बरं' म्हणून तीच रात्री परत वाढलेली. साडेसहा हजार किलोमीटर लांब येऊन, पैसे मोजून, रांगेत उभा राहून मी शेपू प्यालो. आत्या, हे तुझे शाप आहेत.

आता रुमाल.

नागानोकडच्या डोंगरातलं एक छोटं गाव. पोर असेल तिशीचा, पोनीटेल, अंगात निळा हाप्पी कोट, एकटाच स्टॉलवर. त्याची बिअर अण्णांना मनापासून आवडली. डायरीत त्यांनी 'कणीदार' असं लिहिलं. हा गुळातला सर्वोच्च किताब, द्रवाला कसा लावला मला माहीत नाही. बाटल्याही विकायला होत्या. सातशे येनला एक, पाटीवर लिहिलेलं. अण्णांनी तीन घ्यायच्या ठरवल्या, पण लिहिलेल्या भावानं माल घ्यायचा म्हणजे त्यांच्या लेखी बेअब्रू. बायको पाणी आणायला गेली होती. मी शेपूतून सावरत होतो. तेवढ्यात अण्णांनी खांद्यावरचा चौकड्याचा रुमाल पसरला, त्याखाली हात घातला आणि त्या पोराला डोळ्यांनी खूण केली: घाल हात.

तुला सौदा माहीत आहे. रुमालाखाली बोटं दाबून भाव सांगायचा, तोंडातून शब्द काढायचा नाही, चेहरा मख्ख. त्या पोराला काय माहीत? त्याला वाटलं, भारतातली काहीतरी आदराची पद्धत असेल. हात पुसून त्यानं रुमालाखाली घातला. अण्णांनी त्याची पाच बोटं दाबली: पाचशे. पोरगं गडबडलं. पण समोर म्हातारा माणूस, म्हाताऱ्यांच्या आदराची सुट्टी. एका हातानं धरणं बरं दिसत नाही म्हणून त्यानं दुसराही हात आत घातला आणि दोन्ही हातांनी अण्णांचा हात भक्तिभावानं दाबला.

दहा बोटं. म्हणजे हजार.

अण्णांचे डोळे फाटले. पाटीवर सातशे, आपण पाचशेला मागितली, आणि हा हजार म्हणतोय! त्यांनी परत पाच दाबली, जोरात. पोरगं लाजेनं लाल झालं, पण हसलं नाही. हसलं तर अपमान होईल ना. त्यानं परत दोन्ही हातांनी, आणखी प्रेमानं, दहा. "चेहरा बघा ह्याचा," अण्णा मला दातांतल्या दातांत म्हणाले, "सुरकुती हलत न्हाई. मुरलेला व्यापारी हाय." मागं रांग वाढत होती आणि रांगेतला एकही माणूस काही बोलत नव्हता. नेमकी तेव्हा बायको पाणी घेऊन आली, तिनं आधी फोटो काढला आणि मग दोघांना समजावलं. हा तो फोटो.

समजल्यावर त्या पोरानं कपाळाला हात लावून जे हसायला सुरुवात केली, ते थांबेना. मग शेजारच्या स्टॉलवाल्याला बोलावून त्यानं रुमाल मागून घेतला आणि दोघं एकमेकांची बोटं दाबत बसले. अण्णांनी तीन बाटल्या पाटीवरच्या भावानं घेतल्या. म्हणाले, लिहिलेल्या भावानं घेतलेला आयुष्यातला पहिला माल. वर पिशवीतून सांगलीचं भडंग आणि तासगावचा बेदाणा काढून त्याच्या हातावर ठेवला. भडंगाचा लसूण त्याच्या डोळ्यांतून आला. बेदाणा त्यानं एकेक करून, जिभेवर फिरवत, छताकडं बघत खाल्ला. अण्णा माझ्या दंडाला धरून म्हणाले, "हा आपल्यातला हाय." आणि मग त्या पोरानं नकाशा मागितला. आता प्रश्न त्याचा होता: माल कुठला?

अण्णांनी मोबाइलवर कृष्णा नदी शोधली. महाबळेश्वरला सुरू होते, वाईवरून येते, कराडला कोयना मिळते, सांगलीला वळण घेते. बोट फिरवत फिरवत नेलं. कराडपाशी थांबून "इथं आमच्या जावयाची आत्या" असंही सांगितलं, आणि बायकोनं ते भाषांतर केलं, आणि त्या पोरानं कराडच्या दिशेनं मान झुकवली. त्यामुळे तुला एक नमस्कार पोचलेला आहे, तो ह्या पत्रातून पोचता करतो.

बाहेर आल्यावर लाकडी माळावर अण्णा समुद्राकडं पाय करून बसले. म्हणाले, "आपल्या पलूसला सरकारनं २००१ च्या धोरणात वाइन पार्क काढलं, कृष्णाकाठी. एवढी द्राक्षं, एवढा ऊस, एवढी मळी. पण कुणाच्या बाटलीवर गावाचं नाव बघितलंय का कधी? नाव घालायची लाज वाटती. काळ्या काचा, पडदे, फॅमिली रूम. चोरासारखं प्यायचं आणि चोरासारखं विकायचं. मग मालाकडं कोण बघतंय?"

मी काही बोललो नाही. मला तुझी यादी आठवत होती. दारूबंदीच्या मतदानाच्या आदल्या रात्री कंदिलापाशी बसून तू काढलेली, गावातल्या सगळ्या बायकांची नावं. नियम असा की मतदान केलेल्यांतल्या निम्म्या नाही, मतदारयादीतल्या एकूण बायकांतल्या निम्म्याहून जास्त आडव्या बाटलीवर पाहिजेत. तू म्हणायचीस, घरात बसलेली बाई म्हणजे उभ्या बाटलीला मत. अर्धांगवायू झालेल्या म्हातारीला टेम्पोत घालून आणलं होतंस. शेजारच्या काकूंच्या नावापुढं तू खूण केली नव्हतीस, कारण त्या येणारच हे तुला माहीत होतं. कारखान्याचा पगार दारूच्या दुकानापासून त्यांच्या घरापर्यंत कधी पोचला नव्हता. त्या बाटलीवर गावाचं नाव असतं तरी काकूंना काय फरक पडला असता, हे मी अण्णांना विचारलं नाही. अण्णांनाही ते माहीत असावं. त्यांनी विषय बदलून विचारलं, "हितं दारुडे नसत्यात का?"

असतात की. शनिवारी रात्री शेवटच्या गाडीच्या वेळी सूट-टाय घातलेले गडी फलाटावर बॅग उशाला घेऊन झोपलेले दिसतात. इथं बाटली उभी आणि माणूस आडवा. पण गाडी चालवायची नाही, हे मात्र पक्कं. पिऊन चालवणारा तर जातोच, पण २००७ पासून त्याला प्यायला देणारा, गाडी देणारा आणि माहीत असून शेजारी बसणारासुद्धा आत जातो. चौघं मित्र निघाले तर एकजण आधीच ठरवून कोरडा राहतो, त्याला 'हँडल कीपर' म्हणतात. आमच्यातली हँडल कीपर बायको होती, आणि आम्ही तर लोकलनं गेलो होतो. तिनं दिवसभर पाणी प्यालं आणि फोटो काढले. हा सगळा घोटाळा शुद्धीवरच्या माणसानं केलाय, हे लक्षात घे.

हिशेब मागशील म्हणून देऊन टाकतो. अण्णांच्या डायरीत एकोणीस नोंदी आहेत. एकोणीस गुणिले पन्नास म्हणजे साडेनऊशे मिली. त्यातला फार तर तिसरा हिस्सा पोटात, बाकी बादलीत. म्हणजे तीनशे-साडेतीनशे मिली, एक छोटी बाटली, तीही पाच तासांत. ह्याउपर ते त्या लाकडी माळावर दीड तास झोपले, ते वयामुळं. माझा हिशेब विचारू नकोस, मी डायरी ठेवत नाही.

आणि आत्या, एक कबुली तुझ्याकडूनही पाहिजे. बिअर करतात ती कशी? जव भिजवायचा, मोड आणायचे, वाळवायचा, जाडसर दळायचा. हे मला त्या नागानोच्या पोरानं समजावून सांगितलं आणि मी हसायलाच लागलो. तू दर उन्हाळ्यात पंच्यात नाचणी बांधून ठेवतेस, मोड आले की सावलीत वाळवतेस, दळून वस्त्रगाळ करतेस आणि सत्त्व म्हणून डबे भरून आम्हा सगळ्यांना पाठवतेस. इथपर्यंत दोघांची वाट एकच. पुढं तू दूध-गूळ घालतेस आणि ते लोक यीस्ट. निम्मी बिअर आमच्या घरात तुझ्याच हातची पोचलेली आहे, गेली नऊ वर्षं, पार्सलानं.

अण्णा परवापासून खिडकीशी बसत नाहीत. सकाळी तासगावला फोन असतो. बेदाण्याचे दोन किलोचे नमुने नागानोला पाठवायचे आहेत, त्याची प्रत, ओलावा, पॅकिंग ह्यावर एका जुन्या अडत्याशी रोज भांडण चालतं. मोठ्यानं. शेजारच्या जपानी आजी परवा दारात येऊन सगळं ठीक आहे ना म्हणून विचारून गेल्या. अण्णांना फार बरं वाटलं.

ग्रुपवर परत ये. रिक्वेस्ट मी पाठवलेली आहे, तू फक्त बोट लाव. बाबांना आणि आईला नमस्कार, काकूंना आठवण सांग.

तुझा,
पाटाखाली शेपू ढकलणारा

ता. क. नाचणीचं सत्त्व संपलंय, ह्या वेळी दोन डबे जास्त पाठव. मुलीसाठी. इथं घरी बिअर करायला बंदी आहे, मद्यार्क एक टक्क्यावर पोचला की गुन्हा, तेव्हा मनात काही आणू नकोस. खरंच मुलीसाठी.